शिलाईच्या बुटाला साच्यातला सोल: मराठवाड्याच्या उन्हाचिखलात टिकेल असा कसा बसवावा

चांगल्या शिलाईच्या बुटाचं वरचं चामडं सोलपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतं. तरी सोल झिजला की आपल्याकडे बहुतेक वेळा अख्खा बूट उकिरड्यावर जातो, किंवा चौकात पाच मिनिटांत सोल्यूशन फासून, चार चुका ठोकून परत मिळतो आणि महिन्याभरात पंजाकडून तोंड उघडतो. सोल बदलणं हे नीट करायचं काम आहे. त्यात घाई चालत नाही, पण घरी किंवा लहानशा टपरीतही ते उत्तम करता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. शिवणीने बूट धरायचा असतो आणि सोल्यूशनने सोल धरायचा असतो. ही दोन कामं वेगळी ठेवली, तर झिजलेला सोल पुन्हा पुन्हा बदलता येतो आणि बुटाला धक्का लागत नाही. दोन्ही कामं एकाच शिवणीवर टाकली, की ती शिवण जमिनीवर घासते आणि तुटते तेव्हा सोलाबरोबर बूटही सुटतो.

आधी बूट उलटा करा

शिवण दिसते म्हणून बूट शिलाईचा आहे असं समजू नका. स्वस्त बुटांच्या सोलावर साच्यातच टाक्यांची नक्षी उठवलेली असते. खरी शिवण ओळखायला आतलं पातळ अस्तर टाचेकडून उचला आणि आतला तळ बघा.

आतल्या तळावर कडेने दोऱ्याची रांग दिसली, तर तो ब्लेक शिलाईचा बूट. आत दोरा नाही, पण बाहेर अप्परच्या (वरच्या चामड्याच्या) बुडाशी चामड्याची अरुंद पट्टी, म्हणजे वेल्ट, आहे आणि तिच्यावरून टाके गेलेत, तर तो वेल्टचा. अप्परचं चामडंच बुडाशी बाहेर वळवून खालच्या थराला शिवलेलं असेल, तर तो स्टिच-डाऊन. रानात घालायच्या बऱ्याच दणकट बुटांची बांधणी अशी असते. आत नुसता पुठ्ठा लागला आणि दोरा कुठेच नाही, तर तो निव्वळ चिकटवलेला बूट. त्यालाही सोल बसतो, पण आतला पुठ्ठा भिजून फुगलेला असेल तर मेहनत वाया जाते.

वेल्ट आणि स्टिच-डाऊन बुटांना सोल बदलणं सगळ्यात सोपं, कारण त्यांची कड बाहेर असते आणि चामडं टोचून शिवायची आरी सहज चालते. ब्लेकचं तसं नाही. तिचा दोरा आतून थेट खालच्या चामडी सोलातून जातो. हाताने तो पुन्हा घालणं जवळजवळ अशक्य असतं आणि तालुक्याच्या गावात ब्लेकचं मशीन सहसा मिळत नाही. म्हणून ब्लेकच्या बुटाचा चामडी सोल काढू नका. तो सपाट घासून त्याच्यावरच साच्यातला, म्हणजे साच्यात घडवलेला तयार, सोल चिकटवा. घासताना खाचेतला दोरा उघडा पडून तुटणार नाही एवढं सांभाळा.

वरचं चामडं वळणाच्या जागी तडकलं असेल, बोटाने दाबल्यावर कोरड्या पापडासारखं मोडत असेल, तर तिथेच थांबा. त्या बुटावर नवा सोल म्हणजे पैसे पाण्यात.

सोल कुठल्या मालाचा घ्यावा

साच्यातला सोल म्हटला की दुकानदार चार-पाच प्रकार समोर टाकतो. बराच माल आग्र्याहून येतो. मुंबईत कुर्ल्याची ठक्कर बाप्पा कॉलनी या धंद्यासाठी ओळखली जाते, आणि नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. माल ओळखता आला पाहिजे, कारण प्रत्येकाला चिकटवायची रीत वेगळी आहे.

टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) हा सगळ्यात जास्त मिळणारा. लवचिक असतो, ओल्या फरशीवर घसरत नाही, रोजच्या वापराला चांगला. तापल्यावर मात्र तो मऊ पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) हलका आणि पायाला आरामाचा, पण त्याचा एक दोष आहे, त्यावर शेवटी बोलू. पीव्हीसी स्वस्त, जड आणि थंडीत कडक होणारा. ईव्हीए (फोमसारखं प्लास्टिक) फार हलका, पण दगडगोट्यात लवकर खपतो, आणि तो पक्का चिकटवायला खास प्रायमर (सोल्यूशनच्या आधी लावायचं द्रव्य) व अतिनील दिव्याची प्रक्रिया लागते. हातकामात त्याच्या वाट्याला जाऊ नये असं माझं मत आहे. उरला व्हल्कनाइज्ड, म्हणजे तापवून पक्का केलेला रबर, त्यातही नायट्राइल हा प्रकार. जड आणि महाग, पण झीज, तेल आणि उष्णता या तिन्हींत सरस.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापल्या लोखंडाजवळ उभं राहणाऱ्या माणसाला टीपीआर किंवा पीयूचा सोल बसवून देऊ नका. त्याला नायट्राइलच हवा. उष्णतारोधक सोलाच्या चाचणीत ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर सोल एक मिनिट टेकवतात आणि तो वितळता किंवा तडकता कामा नये. अशा सोलावर एचआरओ (HRO) ही अक्षरं असतात. मात्र पोलादी टोपीचा, प्रमाणित सुरक्षा-बूट असेल, तर त्याचा सोल बदलल्यावर ते प्रमाणपत्र लागू राहत नाही. कारखान्यात तो चालेल असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

आता नक्षी. खोल दातांच्या रबरी सोलाची सुरुवात डोंगरात झाली. १९३५ साली आल्प्समधल्या एका दुर्घटनेत सहा सोबती दगावल्यावर इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी चांगली पकड देणारा सोल करायचा ध्यास घेतला, आणि १९३७ मध्ये पिरेली कंपनीच्या मदतीने साच्यातला दातेरी रबरी सोल आणला. ती नक्षी खडकासाठी होती. आपल्या काळ्या मातीचं गणित निराळं आहे. पावसाळ्यात वावरात चार पावलं टाकली की दाट दातांच्या मधे चिखल गच्च बसतो, बूट दुप्पट जड होतो आणि पकड शून्य. रानातल्या कामाला दात मोजके, एकमेकांपासून लांब आणि कडेला उघडे असलेला सोल घ्या. चालताना त्यातून माती आपोआप सुटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा बालाघाटात फिरणाऱ्याने खुशाल दाट, खोल नक्षी घ्यावी.

जाडीकडेही बघा. कापूस आणि तूर निघाल्यावर रानात पऱ्हाटीचे आणि तुरीचे तिरपे कापलेले खुंट राहतात, उसाच्या फडात बुडखे. बाभळीचा काटा तर बांधाबांधावर. दातांच्या मधला सर्वांत पातळ भाग दोन बोटांत दाबून बघा. तो सहज दबत असेल तर काटा आत येणार.

मापासाठी सोलावरचा आकडा पुरेसा नसतो, कारण दोन साच्यांचा सात नंबर सारखा नसतो. बूट सोबत न्या. सपाट सोल कडेने दोनेक मिलिमीटर मोठा चालतो, नंतर घासता येतो. वाटीसारखा, कडेला भिंत असलेला सोल मात्र नेमका हवा. तो लहान पडला तर ताणून बसवलेली भिंत सतत सुटायला बघते, आणि मोठा झाला तर पोकळीत पाणी साठतं.

जुना सोल काढणं आणि बुडाची डागडुजी

जुनं सोल्यूशन उष्णतेने सैल होतं. हॉट एअर गनने किंवा केस वाळवायच्या ड्रायरने कड तापवा आणि बोथट पात्याने टाचेकडून उचलायला लागा. पक्कडीने एकदम ओढू नका, वेल्टची पट्टी फाटते. वेल्टवर शिवलेला सोल असेल तर दोन थरांमध्ये रापी (चामडं कापायचं पातं) घालून फक्त खालचे टाके कापत जा. वेल्ट अप्परला जोडणारी आतली शिवण वेगळी असते, तिला पातं लागता कामा नये. तुटक्या टाक्यांचे तुकडे आणि गंजके खिळे एकूण एक उपटून काढा. आत राहिलेला गंज पुढे चामडं जाळतो.

सोल निघाला की आतल्या गोष्टी दिसतात: मधला बुचाचा किंवा फोमचा भराव, आणि कमानीखालची पोलादी किंवा लाकडी शँक, म्हणजे आधाराची पट्टी. भराव चुरा झाला असेल तर खरवडून काढा आणि बुचाचा भुसा सोल्यूशनमध्ये कालवून पातळी एकसारखी होईपर्यंत भरा. शँक हलत असेल तर पक्की करा, नाहीतर नवा सोल कमानीत रोज वाकून मधूनच सुटतो.

वेल्ट कुठे उसवली असेल तर ती आत्ताच शिवायची. मेण लावलेला जाड पॉलिएस्टर दोरा, आरी, आणि जुनीच भोकं. नवी भोकं पाडली तर पट्टी चाळणीगत होऊन फाटते.

मिडसोल

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि माझ्या मते सोल टिकण्याचं मोठं कारण हीच आहे. वेल्ट किंवा स्टिच-डाऊन बुटाला साच्यातला सोल थेट लावू नका. आधी तीन ते चार मिलिमीटर जाडीचा चामड्याचा किंवा घट्ट रबराच्या शीटचा थर कापा, बुडाला चिकटवा आणि वेल्टच्या पट्टीतून आरपार शिवून घ्या. दणकट बुटाला इंचाला पाच-सहा टाके पुरतात. त्याहून दाट टाके घातले तर चामड्यात फाडायची रेघच तयार होते.

आरीने वरून भोक पाडून खालचा दोरा आकडीत धरून वर ओढायचा, त्या फासातून दुसरं टोक घालायचं आणि दोन्हीकडून सारखं ताणायचं. दोऱ्यांची गाठ चामड्याच्या पोटात बसली पाहिजे. वर किंवा खाली दिसली तर ताण कमी-जास्त झालाय. शिवून झाल्यावर टाके हातोडीने हलके ठोकून सपाट करा.

आता बूट शिवणीने पुरा झाला. साच्यातला सोल या मिडसोलला चिकटवायचा. दोन वर्षांनी तो झिजला की फक्त तोच काढायचा, शिवणीला हात लावायचा नाही.

घासणं

चिकटवलेला सोल बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या तयारीपायी निघतो, हलक्या सोल्यूशनपायी फार क्वचित. चामड्याचा वरचा गुळगुळीत थर तेलकट आणि बंद असतो, त्याच्यावर काही धरत नाही. ४० ते ६० नंबरच्या पॉलिश पेपरने, कानशीने किंवा ड्रिलला लावलेल्या ब्रशने तो थर पूर्ण उतरवा. खालचे तंतू मखमलीसारखे उभे राहिले पाहिजेत. चकाकणारा एकही ठिपका उरला, तर सुटायची सुरुवात तिथूनच.

वाटीच्या सोलाला अप्परची कडही घासावी लागते. आधी सोल बसवून, कडेने पेन्सिलीने रेघ मारून घ्या आणि रेघेच्या आतच घासा. रेघेबाहेर गेलात तर ओरखडा कायमचा दिसतो, आत कमी पडलात तर वरची कड सुटते.

रबराच्या सोलावर साच्यातून काढायला वापरलेल्या द्रव्याचा थर असतो. तो काळाभोर तुकतुकीतपणा जाऊन पृष्ठभाग मंद राखाडी होईपर्यंत घासा. टीपीआर हलकेच घासा, जोर दिला की गरम होऊन त्याच्या गोळ्या होतात. पीयूची नुसती वरची कातडी मोडा. खोल घासलं तर आतली जाळी उघडी पडते आणि सोल्यूशन पिऊन टाकते.

मग कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. घामट हाताचा डागही पुरतो. पुसायला रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच नको. दोन्ही मागे तेलकट अंश ठेवतात. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हा द्रावक) किंवा सोल्यूशनच्याच कंपनीचा क्लीनर पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर घ्या, एकाच दिशेने पुसा आणि फडकं बदलत राहा.

प्रायमर

रबर आणि टीपीआर या दोन्हींना क्लोरीनचा प्रायमर लागतो. तो पृष्ठभागाची रासायनिक जात बदलतो, म्हणून पीयूचं सोल्यूशन त्याला धरतं. हा प्रायमर लावल्याशिवाय टीपीआर कितीही घासा, आठवड्यात सुटेल. पावडर आणि द्रव वेगळे मिळत असतील तर लागेल तेवढंच कालवा, कारण कालवलेलं काही तासांत निकामी होतं. एकच पातळ हात द्या आणि साधारण अर्धा ते एक तास सुकू द्या. डब्यावर वेळ लिहिली असेल तर तीच पाळा. वास नाकाला झोंबतो, तेव्हा काम उघड्यावर करा आणि ब्रश धातूच्या पट्टीचा नको.

पीयूच्या आणि पीव्हीसीच्या सोलाला हा प्रायमर नको, एमईकेने पुसणं पुरतं.

सोल्यूशन, हार्डनर आणि आपलं ऊन

टपरीवर सगळीकडे दिसणारं पिवळसर सोल्यूशन निओप्रीन या कृत्रिम रबराचं असतं. चामड्याला चामडं जोडायला, मिडसोल चिकटवायला ते चांगलं. पण पीव्हीसीच्या सोलाला लावलं तर सोलातलं तेल हळूहळू बाहेर येऊन त्याचा चिकट लगदा करतं. साच्यातल्या कुठल्याही सोलाला पीयूचं सोल्यूशनच घ्या. दिसायला ते पाण्यासारखं पारदर्शक असतं.

पीयूचं सोल्यूशन सुकलं की त्याचा कोरडा थर होतो. तो ६० ते ७० अंशांना तापला की पुन्हा जागा होऊन चिकटतो, म्हणूनच कारखान्यात सोल भट्टीतून काढून जोडतात. आता एप्रिल-मे आठवा. परभणी-नांदेडकडे हवेचा पारा ४२-४४ वर जातो आणि डांबरी रस्ता ६० अंशांच्या आसपास तापतो. ज्या उष्णतेला सोल्यूशन चिकटतं, त्याच उष्णतेला ते सुटायलाही लागतं. उन्हाळ्यात भर रस्त्यात सोल हातात येतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच. यावर उपाय म्हणजे हार्डनर. सोल्यूशनच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के हार्डनर मिसळला की सुकताना आतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात, आणि मग तो थर तापला तरी पातळ होत नाही. पुण्या-मुंबईत एखाद्याने हार्डनर टाळला तर कदाचित निभावेल. मराठवाड्यात तो टाळू नका.

हार्डनर घातलेलं सोल्यूशन दोनेक तासांतच वापरावं लागतं. हार्डनरची बाटली लगेच घट्ट बंद करा, हवेतल्या ओलाव्याने तो बाद होतो.

चामड्याच्या बाजूला दोन हात द्यायचे. पहिला पातळ, ब्रश दाबून, तंतूंत मुरेल असा. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा. सोलाच्या बाजूला एक हात पुरतो. पावसाळी हवेत एक धोका असतो: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्याच्यावर दव धरतं. थर पांढुरका, धुरकट दिसला तर तो तसाच जोडू नका, गरम हवेने ओल घालवा. उन्हाळ्यात उलट, थर वरून चटकन सुकतो आणि आत द्रावक अडकतो, म्हणून सावलीत आणि सकाळी काम करा.

या डब्यांमध्ये टोल्यूइन, काहींत हेक्झेन असतं. बंद खोलीत वर्षानुवर्षं हेक्झेन हुंगल्याने हातापायांच्या नसा निकामी होतात. चप्पल-बुटांच्या कारागिरांमध्ये हा आजार वैद्यकशास्त्राने नोंदवला आहे. दार-खिडकी उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी किंवा गॅस नको, आणि डबा लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

जोडणी

दोन्ही बाजू सुकल्या की बुटात फर्मा (पायाच्या आकाराचा ठोकळा) घाला. फर्मा नसेल तर कागदाचे बोळे गच्च ठासा; रिकाम्या बुटावर दाब बसत नाही. सोलाच्या आणि बुटाच्या मध्यरेषा पंजा-टाचेला खडूने आखा.

दोन्ही थर गरम हवेने तापवा. निस्तेज थर चकचकीत झाला की तो जागा झाला समजा. आता मिनिटभरातच जोडायचं. थर टेकला की परत उचलता येत नाही, म्हणून मधे बटर पेपर ठेवून फक्त पंजाचं टोक उघडं ठेवा. टोक जुळवा, मग टाच, मग कागद सरकवत मधला भाग. वाटीच्या सोलात भिंत सगळ्यात शेवटी, अंगठ्याने खालून वर दाबत बसवा.

आता दाब. इथे किती वेळ यापेक्षा किती जोर हे महत्त्वाचं. चांभाराच्या लोखंडी पायावर बूट चढवून मधून कडेकडे हातोडी चालवा, म्हणजे हवा बाहेर निघते. नक्षीच्या खाचांतही ठोका. मग सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीत कापून बुटाभोवती ताणून गुंडाळा. कमानीसारख्या खोल जागीही ही पट्टी सारखा दाब देते. रात्रभर राहू द्या. चोवीस तास बूट घालायचा नाही आणि चार-पाच दिवस पाण्यात, चिखलात न्यायचा नाही. हार्डनरचं काम तोवर चालू असतं.

वाटीच्या सोलाला भिंतीत खाच दिलेली असेल तर कडेची शिलाई जरूर करा, खासकरून पंजाच्या भोवती. टाका खाचेत बुडाला पाहिजे, म्हणजे दगडाला घासत नाही. सपाट सोलाला आरपार टाके नकोत. जमिनीवर तुटतील आणि त्या भोकांतून पाणी आत येईल. टाचेला आतून दोन-तीन खिळे चालतात, टोकं वळवून बसवलेली.

सोल सुटलाच तर आधी बघा, मग चिकटवा

सुटलेल्या सोलाच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या की चूक कुठे झाली ते कळतं. सगळा थर चामड्याकडे राहिला आणि सोल स्वच्छ निघाला, तर सोलाला प्रायमर लागला नाही किंवा साच्याचं द्रव्य राहिलं. थर सोलाकडे आणि चामडं कोरं असेल तर चामडं कमी घासलं किंवा तेलकट होतं. दोन्हीकडे थर आहे पण एकमेकाला धरलेला नाही, तर थर गार झाल्यावर जोडला किंवा दाब कमी पडला. थर ताणून दोरे सुटत असतील तर हार्डनर कमी. आणि सोलाला चामड्याचे तंतू चिकटून आले असतील तर तुमची जोडणी बरोबर होती, चामडंच कुजलंय, मिडसोल बदला. कारण न शोधता उघडलेल्या फटीत पुन्हा सोल्यूशन ओतलं तर जुन्या मेलेल्या थरावर नवा थर बसतो आणि तोही त्याच्यासोबत निघतो.

वापरताना

चिखल ओला असतानाच धुवा. काळी माती वाळताना आकसते आणि कडेला ओढ देते. बूट सावलीत वाळवा, पत्र्यावर किंवा चुलीजवळ नाही. चामड्याला तेल लावाल तर सोलाच्या जोडापासून बोटभर वर थांबा, ते जोडात झिरपतं.

आणि पीयूचा तो दोष. हवेतल्या ओलाव्याने पीयू आतून तुटत जातो, आणि बूट न घालता पेटीत बंद पडून राहिला तरी ही क्रिया थांबत नाही. लग्नाला घेतलेला, नंतर चार वर्षं ट्रंकेत ठेवलेला बूट अचानक भुगा होतो तो यामुळे. असे बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, अधूनमधून घाला, आणि बऱ्याच काळाने काढाल तेव्हा टाचेच्या कडेला नख रोवून बघा. नख रुतलं आणि चुरा निघाला, तर सोल पूर्ण उतरवून मिडसोलपासून सुरुवात करा.